ओढायची कडी कोणती? गाडी रुतण्याआधी शोधून ठेवायच्या जागा

गाडी पोटापर्यंत चिखलात बसली की एक जण दोर आणायला पळतो आणि दुसरा गुडघ्यावर बसून बंपरखाली हात घालतो. हाताला जी पहिली कडी लागेल तिच्यात तो शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी लोखंडी कमान, अडकवतो आणि अंगठा वर करून ओरडतो, ‘‘चला, ओढा!’’ हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. मीही काही वर्षांपूर्वी तोच होतो.

माझ्या गाडीच्या पुढे डाव्या बाजूला खाली एक छान गोल कडी होती. रंगवलेली, भक्कम दिसणारी. पहिल्या वर्षी गाडी रुतली तेव्हा मी तिलाच पट्टा लावला. पुढच्या गाडीने फार जोर केलाच नाही, हळूच ताण दिला. टक्क असा एक आवाज झाला. शॅकल हवेतून गेला आणि त्या गाडीच्या मागच्या दारात वाटीएवढा खड्डा पाडून खाली पडला. कडी तुटली नव्हती, उलगडली होती. कागदाची टाचणी सरळ करावी तशी. नंतर गाडीचं माहितीपुस्तक उघडलं तर चित्रासह लिहिलेलं होतं: ही कडी गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी.

तेव्हापासून माझा एकच हेका आहे. ओढायची जागा घरी, कोरड्या जमिनीवर, बॅटरीच्या उजेडात ठरवायची. चिखलात बसून ती शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आधी जोर किती येतो ते पाहू

नवख्या माणसाला वाटतं, गाडी दोन टनांची, म्हणजे कडीवर दोन टनांचा भार येणार. तसं नसतं. कोरड्या सपाट रस्त्यावर बंद पडलेली दोन टनांची गाडी चार-पाच माणसं हातांनी ढकलतात. तीच गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंत चिखलात रुतली की तिला हलवायला साधारण तिच्या वजनाएवढा जोर लागतो. मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट आणि त्याहून वर, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट धरायचा. लष्करी रिकव्हरीत, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढण्याच्या कामात, वापरला जाणारा हा ढोबळ अंदाज आहे. चढ असेल तर त्यात आणखी भर पडते.

हे झालं सावकाश ओढण्याचं. झटका दिला की गणित बदलतं. समजा, दोन टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली आणि तिच्या मागचा दोर ताणला गेला. दोर स्प्रिंगसारखा वागतो असं धरलं आणि तो १ मीटर ताणला जाऊन गाडी थांबली, तर शेवटचा जोर साधारण दीड टनाचा येतो. आता गाडी तीच, वेग तोच, पण दोराऐवजी साखळी आहे आणि सगळं मिळून १० सेंटीमीटरच जागा सुटली. जोर १५ टनांच्या पुढे जातो. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट. म्हणून साखळीने किंवा न ताणणाऱ्या पट्ट्याने झटका द्यायचा नसतो. आणि ‘‘जरा लांबून पळवत आण’’ म्हणणाऱ्या मित्राला चहाच्या निमित्ताने बाजूला न्यायचं असतं.

हा सगळा जोर शेवटी दोन जागी पोचतो: तुमच्या गाडीची कडी आणि ओढणाऱ्या गाडीची कडी. मधला दोर कितीही महागाचा असू दे, टोकाची कडी कच्ची असेल तर दोर तिला गलोलीच्या दगडासारखा भिरकावतो. ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा तुटलेल्या लोखंडाच्या तुकड्यात जाते आणि तो तुकडा थेट दुसऱ्या गाडीच्या काचेच्या रोखाने निघतो, कारण दोर त्याच दिशेने खेचत असतो.

पायरी १: गाडीखाली झोपा आणि दिसेल त्याला नाव द्या

एखादी जुनी चटई अंथरा, बॅटरी घ्या, माहितीपुस्तक शेजारी ठेवा. गाडी जॅकवर उचलू नका, त्याची गरज नाही. पुढून आणि मागून जी काही कडी, हुक, भोक किंवा लूप दिसेल ते खालच्यापैकी कशात बसतं ते ठरवा.

*बांधायची कडी.* माझी उलगडली ती हीच. गाडी जहाजातून किंवा ट्रकवरून नेताना ती खाली ओढून घट्ट बांधतात, त्यासाठी ही असते. तिच्यावर येणारा भार खालच्या दिशेचा, स्थिर आणि मर्यादित असतो. ओळखायच्या खुणा: पातळ पत्रा, लांबट भोक, बहुतेकदा एकच बोल्ट किंवा वेल्डिंगचे दोन-चार टाके, आणि तोंड जमिनीकडे. हिला पट्टा कधीच लावायचा नाही.

*आट्यांची टो आय.* बऱ्याच गाड्यांच्या बंपरवर एक चौकोनी झाकण असतं. ते काढलं की आत आटे दिसतात आणि जॅकच्या पिशवीतली कडी तिथे पिळून बसवायची असते. ही बंद पडलेली गाडी रस्त्यावर सरळ ओढून न्यायला दिलेली आहे. सरळ, सावकाश ओढ ती सोसते. बाजूने ताण आला की दांडा वाकतो; झटका आला की आटे निघतात किंवा दांडाच मोडतो. बसवताना अर्ध्या आट्यांवर सोडली तर तेवढंही बळ राहत नाही. काही गाड्यांत हिचे आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर ती घट्ट होते. जोर लावून आटे मारण्याआधी हे एकदा तपासा.

*कारखान्यातून आलेले टो हुक.* चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, दोन दांड्यांच्या टोकांना बसवलेले जाड, उघडे हुक. शिडीसारखी चॅसिस असलेल्या अनेक गाड्यांत हे चांगले असतात, पण सगळ्यांत नाहीत. माहितीपुस्तकात हा हुक कशासाठी दिलाय ते शब्दन् शब्द वाचा. ‘फक्त टोइंगसाठी’ आणि ‘अडकलेली गाडी काढण्यासाठी’ या दोन गोष्टी पुस्तक वेगळ्या मानतं, आपणही मानाव्यात. उघड्या हुकाची आणखी एक खोड आहे: दोर सैल पडला की पट्ट्याचं टोक निसटून खाली पडतं, आणि पुढच्या ताणाला ते भलत्याच कशात अडकलेलं असतं.

*टो बॉल.* ट्रेलर जोडायचा तो गोल लोखंडी चेंडू. याबद्दल माझं मत मऊ नाही. टो बॉलला रिकव्हरीचा पट्टा लावायचा नाही. थोडाही नाही, एकदाच म्हणूनही नाही. ट्रेलरचं वजन त्याच्यावर नीट बसतं आणि हळूहळू ओढलं जातं, तेवढ्यासाठी त्याची मान बनवलेली असते. पट्ट्याच्या झटक्याने ती मान मोडते आणि लोखंडाचा गोळा तोफेतून सुटावा तसा सुटतो. यात माणसं मेली आहेत. ऑस्ट्रेलियात तर रिकव्हरी पट्ट्यांवर सुरक्षेच्या सूचनांचं लेबल लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

*हिच रिसीव्हर.* टो बॉल ज्यात बसतो ती चौकोनी पोकळ नळी, सहसा ५० मिलिमीटरची. बॉल आणि त्याची जीभ काढून टाकली की ही नळी मागची फार चांगली जागा ठरू शकते. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

*बाकी सगळं.* बंपर, बुल बार, पायरी, स्टेपनीचा स्टँड, छताचा रॅक, सस्पेन्शनचे हात, स्टीअरिंगचा दांडा, अँटी-रोल बार, ॲक्सल. यांतलं काहीही ओढायचं नाही. ॲक्सलला दोर गुंडाळायची जुनी सवय अजून दिसते. त्याच ॲक्सलवरून ब्रेकची नळी गेलेली असते, आणि गाडी बाहेर निघाल्यावर ब्रेक लागेल का, हे उतारावर कळतं. बुल बारला, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी नळ्यांच्या चौकटीला, सुंदर कड्या असतात, पण त्यावर भाराचा आकडा नसेल आणि त्याचे बोल्ट थेट चॅसिसमध्ये गेलेले नसतील तर त्या शोभेच्याच समजा.

पायरी २: खरी कडी पारखा

वरच्या चाळणीतून उरलेल्या जागांना आता पाच प्रश्न विचारायचे.

पहिला: भार कुठे जातो? कडीपासून मागे बोट फिरवत जा. बोट जाड चॅसिसच्या दांड्यावर पोचलं पाहिजे. मध्ये पातळ पत्रा, बंपरचा कंस किंवा धडक बसल्यावर चुरगळण्यासाठी मुद्दाम ठेवलेला भाग लागला, तर तुम्ही त्या मधल्या भागाला ओढणार आहात, चॅसिसला नाही.

दुसरा: कशाने धरलंय? निदान दोन बोल्ट हवेत. तीन-चार असतील तर उत्तम. बोल्टचं डोकं चिंधीने पुसा. त्यावर ८.८, १०.९ असा आकडा उमटवलेला असतो. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन तन्यशक्ती. बिंदूनंतरचा आठ म्हणजे तिच्या ८० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट कुठल्या धातूचा आहे ते देवच जाणे. वेल्डिंगने लावलेली कडी असेल आणि ती कारखान्यातून आलेली नसेल, तर मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. रस्त्याकडेच्या वेल्डरचा हात कितीही साफ असो, चॅसिसचं पोलाद गरम केल्यावर टाक्याच्या आजूबाजूला त्याचा स्वभाव बदलतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

तिसरा: आकडा आहे का? चांगल्या कडीवर भाराची मर्यादा कोरलेली किंवा ठोकलेली असते. चिखल वाळलेला असेल तर पेचकसाच्या टोकाने खरवडा, मग बॅटरी तिरपी धरा. सरळ उजेडात जे दिसत नाही ते सावलीत उठून दिसतं. बाहेरून घेतलेल्या कडीवर काहीच नसेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. कारखान्यातून आलेल्या हुकावर बऱ्याचदा आकडा नसतो. तिथे पुस्तकाचा शब्द धरायचा.

चौथा: भोक कसं आहे? शॅकलची पिन त्यात हलक्या हाताने जायला हवी, पण खडखडायला नको. किनारी गोलसर आहेत की पत्रा कापल्यासारख्या धारदार, ते बोटाने पाहा. सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोराचा विणलेला शॅकल, थेट भोकात घालणार असाल तर किनार गुळगुळीत आणि गोल असलीच पाहिजे. धारेवर ताणलेला दोर सुरीखाली ठेवल्यासारखा कापला जातो. किनार धारदार असेल तर त्या कडीला लोखंडी शॅकलच लावा.

पाचवा: तोंड कुठे आहे? कडी गाडीच्या लांबीच्या दिशेने ओढ घेण्यासाठी बनलेली असते. चपटी पट्टी उभी असेल तर ती पुढची ओढ झकास घेते, बाजूची ओढ मात्र तिला वाकवते. विकत घेतलेल्या कडीसोबत किती अंशांपर्यंत तिरपं ओढलं तर चालेल ते लिहिलेलं असतं. नसेल तर सरळ ओढायचं, विषय संपला.

शिडी-चॅसिस नसलेल्या गाडीचं काय?

हा प्रश्न हल्ली जास्त येतो, कारण दिसायला रांगड्या पण खालून मोनोकॉक असलेल्या गाड्या खूप झाल्यात. अशा गाडीला वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळं पेलतो. अनेकींना पुढे-मागे फक्त आट्यांची टो आय दिलेली असते. तुमची गाडी त्यातली असेल तर स्वतःशी खरं बोला. झटक्याची रिकव्हरी तुमच्यासाठी नाही. आधी फावड्याने चाकांसमोरची आणि पोटाखालची माती काढायची, टायरची हवा कमी करायची, चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, घालायचे, आणि मग उरलेल्या थोड्या जोरासाठी सरळ रेषेत, सावकाश, विंचने (दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) किंवा हळू गिअरमध्ये ओढायचं. काही मोनोकॉक गाड्यांसाठी सबफ्रेमला (सांगाड्याखाली जोडलेल्या छोट्या चौकटीला) बसणाऱ्या, भाराची मर्यादा दिलेल्या कड्या मिळतात. पण त्या नेमक्या तुमच्या मॉडेलसाठी आणि वर्षासाठी बनलेल्या हव्यात. ‘जवळजवळ बसते’ हे उत्तर इथे चालत नाही.

आणि खरं सांगायचं तर फावड्याचा सल्ला सगळ्यांनाच लागू आहे. पंधरा मिनिटं खणलं की कडीवरचा भार निम्म्यावर येऊ शकतो. पण खणायला कोणाला आवडतं?

पायरी ३: आकडे एकमेकांशी जुळवा

दोन प्रकारचे आकडे दिसतील आणि ते मिसळले की घोळ होतो. लोखंडी शॅकलवर आणि कडीवर सहसा कामाचा भार लिहिलेला असतो, म्हणजे रोज वापरायची सुरक्षित मर्यादा. पट्ट्यावर आणि किनेटिक, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या, दोरावर लिहिलेला असतो तुटण्याचा भार, म्हणजे ज्याला तो तुटतो तो आकडा. पट्ट्यावर ८ टन आणि शॅकलवर ४.७५ टन पाहून नवखा म्हणतो, शॅकल कच्चा आहे. नेमकं उलटं. चांगल्या शॅकलची तुटण्याची ताकद कामाच्या भाराच्या पाच-सहापट असते, म्हणजे तो २३ ते २८ टनांच्या आसपास तुटेल. पट्टा त्याच्या कितीतरी आधी जाईल. आणि तसंच हवं. तुटायचंच असेल तर विणलेला पट्टा तुटावा, लोखंड उडू नये.

पट्टा निवडताना दोन गाड्यांपैकी हलकी गाडी पाहतात. तिचं सामान-माणसांसह जे कमाल वजन असेल त्याच्या दुप्पट ते तिप्पट तुटण्याची ताकद असलेला पट्टा घ्यायचा. ‘मोठा घेतला की सुरक्षित’ असं नाही: फार जाड पट्टा हलक्या गाडीखाली ताणलाच जात नाही, आणि न ताणलेला पट्टा साखळीसारखा झटका देतो.

शॅकलमध्ये दोन मापं सगळीकडे भेटतात. ३.२५ टनांचा: अंगाची जाडी १६ मिलिमीटर, पिन १९. आणि ४.७५ टनांचा: अंग १९, पिन २२. कडीचं भोक कुठल्या पिनसाठी आहे ते पाहून घ्या. पिन कडीच्या भोकात आणि पट्टा कमानीत, ही जोडणी उलटी करायची नाही. पिन पूर्ण पिळायची, मग पाव आटा मागे घ्यायची अशी पद्धत ऑफ-रोडवाल्यांत रूढ आहे, म्हणजे ताणानंतर ती अडकून बसत नाही. ज्या शॅकलवर काहीच कोरलेलं नाही तो गेटला कुलूप लावायला वापरा.

शॅकलला बाजूने ओढलं तर त्याचा कामाचा भार घटतो: ४५ अंशांना सुमारे ७० टक्के उरतो, ९० अंशांना निम्मा. म्हणजे तुमच्या ४.७५ टनांच्या शॅकलला तुम्ही काटकोनात ओढलंत तर तुमच्या हातात २.४ टनांचाही शॅकल नाही. तो जिथून ओढायचा त्या रेषेत स्वतः वळतोय ना, हे हाताने हलवून पाहा.

पायरी ४: एक कडी की दोन?

पुढे दोन चांगल्या कड्या असतील तर दोन्ही वापरा. दोन्हींमध्ये एक छोटा पट्टा टाकायचा, त्याला ब्रिडल म्हणतात, आणि त्याच्या मध्यावर मुख्य दोर जोडायचा. भार दोन्ही दांड्यांवर वाटला जातो, चॅसिस एका बाजूला पिळली जात नाही.

पण इथे भूमितीची एक मेख आहे. ब्रिडल आखूड असेल तर त्याच्या दोन पायांमधला कोन रुंद होतो आणि वाटून घेण्याचा फायदा पळून जातो. कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक कडीवर एकूण ओढीच्या ५८ टक्के भार येतो. ९० अंशांना ७१ टक्के. १२० अंशांना पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन कड्या वापरूनही प्रत्येकीवर सगळाच भार! शिवाय रुंद कोनात दोन्ही कड्या आतल्या बाजूला ओढल्या जातात, जी दिशा त्यांना मुळीच आवडत नाही. सोपी खूण: ब्रिडलचे दोन पाय आणि दोन कड्यांमधलं अंतर मिळून जो त्रिकोण होतो त्यात प्रत्येक पाय त्या अंतराएवढा असला की कोन बरोबर ६० अंश. कड्यांमध्ये ८० सेंटीमीटर अंतर असेल तर प्रत्येक पाय ८० सेंटीमीटर किंवा जास्त हवा. त्याहून आखूड नको.

बाजारातल्या काही कड्यांचा आकडा जोडीने वापरण्यासाठीचा असतो. ५ टन लिहिलंय ते एकीचं की दोघींचं, हे घेतानाच विचारून घ्या.

पायरी ५: मागची बाजू

रुतलेली गाडी बहुतेक वेळा जिकडून आली तिकडेच मागे ओढणं सोपं असतं, कारण तिच्या चाकांनी ती वाट आधीच दाबलेली असते. आणि ओढणारी गाडी तर जवळजवळ नेहमीच मागूनच जोडली जाते. तरी नवखे लोक पुढच्या कड्यांवर पैसे घालतात आणि मागे टो बॉल लटकत ठेवतात. आधी मागची जागा ठीक करा.

हिच रिसीव्हर असेल तर काम सोपं आहे. बॉलची जीभ काढा आणि त्या नळीत रिकव्हरी ब्लॉक बसवा: भरीव लोखंडी ठोकळा, एका टोकाला पिनचं भोक, दुसऱ्या टोकाला शॅकलचं. पिन आरपार गेली, तिची क्लिप लागली, शॅकल आडवा-उभा हलतोय, झालं. ठोकळ्यावर भाराचा आकडा आहे ना ते पाहा, आणि मुळात तो रिसीव्हर चॅसिसला धरलाय की बंपरला, हेही. ट्रेलर ओढायला दिलेले काही हलके रिसीव्हर पातळ कंसांवर लटकलेले असतात.

ठोकळा नसेल तर काही जण पट्ट्याचा डोळा, म्हणजे टोकाचा शिवलेला फास, थेट नळीत सारून हिचची पिन त्यातून घालतात. अडीअडचणीला हे चालतं असं अनुभवी लोक म्हणतात, टो बॉलपेक्षा हजारपट बरं आहे यातही वाद नाही. मी करत नाही. पिन दोन्ही बाजूंनी कातरली जाण्यासाठी बनलेली असते. इथे पट्टा तिला मध्यावर ओढतो आणि ती वाकते. वाकलेली पिन नळीतून काढायला मी एकदा दीड तास हातोडी चालवलीय. ठोकळा एका मुठीएवढा असतो, गाडीतच पडून राहू दे.

पायरी ६: विकत घेऊन बसवताना

कारखान्याने दिलेल्या जागा पुरेशा नसतील तर बाहेरून कड्या घ्यायच्या. त्या तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी बनलेल्या, चॅसिसमध्ये आधीच असलेल्या भोकांत बसणाऱ्या, डावी-उजवी वेगळी असलेल्या, आणि स्वतःच्या बोल्टांसह येणाऱ्या हव्यात. नवीन भोक पाडावं लागतंय किंवा वेल्डिंग करावं लागतंय, तर ती कडी तुमच्या गाडीसाठी नाही. एअरबॅगच्या सेन्सरच्या किंवा चुरगळणाऱ्या भागाच्या आड ती येत नाही ना, हे बनवणाऱ्याला विचारा.

बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, कागदावर दिलेल्या आकड्याला. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. बोल्ट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

जागेवर गेल्यावर

घरी सगळं ठरलेलं असेल तर जागेवर फारसा विचार उरत नाही. दोन्ही गाड्या शक्य तेवढ्या एका रेषेत आणा. दोन्ही टोकांच्या कड्या एकाच माणसाने तपासा. माझी तपासली, त्याची त्याने पाहिली असेल, या भरवशावर बरेच अपघात झालेत. दोन पट्टे जोडायची वेळ आली तर मध्ये लोखंडी शॅकल घालू नका. एकाचा डोळा दुसऱ्यातून काढून ओवा किंवा सॉफ्ट शॅकल लावा. मधोमध असलेलं लोखंड पट्टा तुटला की दोघांपैकी एका गाडीत शिरतं.

दोराच्या मध्यावर जड ओलं पोतं किंवा डॅम्पर, म्हणजे त्याच कामाचं तयार वजनदार आच्छादन, टाका. त्याने तुटलेला दोर खाली बसायला मदत होते, पण तुटलेल्या लोखंडाला तो अडवेलच असं नाही. तेव्हा बघ्यांना दूर करा: दोराच्या न ताणलेल्या लांबीच्या निदान दीडपट अंतरावर, आणि दोराच्या रेषेत कोणीही नको. व्हिडिओ काढणारा उत्साही नातेवाईक नेमका तिथेच उभा असतो, त्याला हाताला धरून हलवा.

विंच वापरत असाल तर पुलीचा हिशोब लक्षात ठेवा. दोर पुलीतून वळवून परत आपल्याच गाडीला बांधला की गाडीवर ओढ जवळजवळ दुप्पट मिळते. पुली ज्या झाडाला किंवा गाडीला बांधलीय तिच्यावरही तेवढाच, म्हणजे दोराच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. ४ टनांची विंच पूर्ण ताकदीने चालली तर समोरच्या गाडीच्या कडीला ८ टन सोसायचे आहेत. बहुतेक लोक आपली कडी पाहतात, ती नाही.

पहिली ओढ सावकाश द्या. दोर ताणला, गाडी हलली नाही, तर थांबा, उतरा, आणखी खणा. वेग वाढवणं हा दुसरा प्रयत्न नसतो.

गाडी निघाल्यावर

सगळे हात झटकून निघायच्या तयारीत असतात तेव्हाच दोन मिनिटं खाली वाका. पांढरी रेघ जागेवर आहे का? कडीच्या मुळाशी रंगाचे पापुद्रे निघालेत का? रंग ताणाखाली धातूच्या आधी फुटतो, त्यामुळे नवीन पापुद्रा म्हणजे तिथे काहीतरी वाकलंय. भोक गोल आहे की लांबट झालंय? शॅकलची पिन हाताने फिरते का? पिन अडकली असेल तर शॅकल वाकलाय, तो पुन्हा वापरायचा नाही. पट्ट्याची शिवण उसवलीय का, तेही चिखल धुतल्यावर पाहा. ओल्या चिखलाखाली ते दिसत नाही.

माझी ती उलगडलेली कडी मी कापून काढली. तिचे दोन बोल्ट होते. त्यांच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.